स्थळपाहणी

राखीव जंगलाच्या कडेला बांधकामाचा नवा अर्ज आला रे आला, की तिथेच राहणारे, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले काका त्यावर लेखी हरकत ठोकायचेच. कधी हॉटेल, कधी बंगले, कधी रस्ता. त्यांनी भल्याभल्या बिल्डरांच्या नाकी नऊ आणले होते. परवानगीच्या ऑफिसात त्यांचं नावच पडलं होतं, हरकतकाका.

हरकत आली की स्थळपाहणी आली आणि पाहणीला त्या ऑफिसातल्या मॅडम आल्या. एरवी काकांचं दार वाजवणारं कुणी नव्हतं. मॅडम येणार म्हटलं, की आदल्या दिवसापासून त्यांची लगबग सुरू व्हायची. दुसरी खुर्ची पुसून अंगणात यायची. हरकतीतला एखादा मुद्दा ते मुद्दाम लिहायचा विसरायचे, म्हणजे मॅडमना आणखी एक फेरी पडायची.

आज मॅडम हसतच फाटकातून आत आल्या.

"काका, जिंकलात! हा सगळा पट्टा कायमचा राखीव झाला. आता इथले अर्जच घ्यायचे नाहीत, असा आदेश निघालाय."

"अरे वा!" चहा गाळता गाळता काका थांबले. "मग पाहणी?"

"आता कसली पाहणी? सुटलात आमच्या कटकटीतून. यापुढे तुम्हाला त्रास द्यायला कुणी म्हणून कुणी येणार नाही."

काकांनी दुसरा कप काठोकाठ भरला. मग अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते म्हणाले,



"हरकत नाही."