उताऱ्याची पडताळणी

बायबलच्या अनुवादाचा प्रत्येक उतारा तो आधी आईला वाचून दाखवायचा आणि तिच्या शब्दांत परत सांगायला लावायचा. तिला उमगला की उतारा पक्का.

आज धाकट्या भावाच्या रिकाम्या खाटेवर बसून त्याने वाचलं: आजारी भाऊ दगावल्यानंतर येशू पोचतो आणि बहीण त्याला बोल लावते.

“हं, सांग आई.”

शेंगा सोलणारे हात थांबले. “निरोपावर निरोप धाडले, तरी तुझं काम काही संपेना. आलास तो बैल गेल्यावर झोपा करायला. वेळेत आला असतास तर माझा लेक वाचला असता.”

“लेक नाही गं, भाऊ.” त्याने पेन्सिल उचलली. “आणि हे कोण कोणाला म्हणतंय?”

“मी. तुला.”