निळी टिकली

"आज निळी टिकली का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"मी लालच लावली होती, आई," म्हणत कांचननं आरसा गाठला.

अकोल्याच्या मे महिन्यातही ती थकून शाल पांघरून बसायची. सासूबाई त्याला आळस म्हणायच्या. रोज कपाळावरून थायरॉइड मोजणारी टिकली आज निळी झाली होती, म्हणजे थायरॉइड कमी.

"फिटच्या गोळ्यांमुळे थायरॉइड कमी झालं असावं," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे त्या गोळ्या बंद?" तिनं घाबरतच विचारलं. त्या गोळ्यांमुळे कित्येक वर्षांत तिला फिट आली नव्हती.

"अजिबात नाही. त्या सुरूच ठेवा. जोडीला थायरॉइडची ही एक गोळी घ्या."

जून उजाडला. एका दुपारी कांचननं शाल भिरकावली.

"किती उकडतंय हो, आई."

सासूबाई उठल्या आणि त्यांनी कूलर तिच्याकडे वळवला.