भांड्याला भांडं

दोघं वेगळी झाली तेव्हा सामानाची वाटणी एकही आवाज न चढता झाली. इंडक्शनची शेगडी त्याच्याकडे राहिली आणि त्या शेगडीवर चालणारी जड बुडाची भांडी बायको घेऊन गेली. मग त्याने माळ्यावरून आईने कधीकाळी दिलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं काढलं आणि चहाचं आधण ठेवलं. शेगडी तीनदा टुकटुकली आणि बंद पडली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

चौथ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने पातेलं आडवं धरून बुडाला लोहचुंबक लावलं. चुंबक घसरून ओट्यावर पडलं.

"शेगडी ठणठणीत आहे, साहेब. पण ह्याला चुंबक धरत नाही ना, त्यामुळे वर भांडं ठेवलंय हेच तिला कळत नाही."

"बरं," तो म्हणाला. मेकॅनिक गेल्यावर तो नळाचं पाणी प्यायला.

तेवढ्यात आईचा फोन आला. "अरे, घेऊन ये तिला परत. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच!"



"आई, घरात आता एकच भांडं उरलंय," तो म्हणाला. "तेही तुझंच."