अक्काची नळी

“या नळीनं माझं डोकं उठवलंय,” वायरमन जमिनीवर पालथा पडून पुटपुटत होता. “बिघाड असेल तर सापडेल ना!”

माझ्या अक्काला ऑटिझम आहे. बाहेरचे आवाज तिला टोचतात, मग ती भिंतीवर डोकं आपटते. तिच्या थेरपी केंद्रातल्या या सेन्सरी रूममध्ये मात्र मंद उजेड आणि मऊ गादी असते. पाण्याच्या उंच, रंगीत नळीला गाल टेकला की ती निवते.

पण ती गुणगुणू लागली की नळीतले बुडबुडे वरून खाली येतात. सगळ्यांनी पाहिलंय, आणि सगळे म्हणतात, “पंप खराब आहे.” मीही.

“आजच काढा ही नळी,” संचालकबाई म्हणाल्या. “इतर मुलांचे पालक घाबरतात.”

“मग माझ्या अक्कानं जायचं कुठे?”

त्यांनी वायरमनला खूण केली. वायरमननं हवेचा पंप उपटून हातात घेतला. पाणी निश्चल झालं.

अक्कानं नळीला गाल लावला आणि गुणगुणली.

पाण्याच्या वरच्या कडेशी एक बुडबुडा उमटला आणि सावकाश खाली उतरला. मागोमाग नळीभर उतरले. तिनं बोट उचललं, सगळे जागच्या जागी थांबले. बोट खाली येताच सगळे सुसाट निघाले. अक्का खदखदून हसली.

माझ्या अंगावर काटा आला आणि खरं सांगायचं तर ऊर भरून आला.

संचालकबाई अक्काशेजारी गादीवर बसल्या.

“राहू दे नळी,” त्या हळूच म्हणाल्या. “पंप कधी खराब नव्हताच. हे सगळं हीच करतेय.”