समोरची बाजू

हेमचंद्र पुन्हा सोफ्यावरून उठले. काठी टेकत गालिचा ओलांडला, समोरच्या सोफ्यावर बसले आणि भांबावून इकडेतिकडे पाहू लागले.

“सुचित्रा, मी कुठल्या बाजूचा गं?”

“आपल्याच बाजूचे, बाबा,” देवापुढची वात सारखी करत ती म्हणाली.

सासऱ्यांना आखातात, अल रीम आयलंडवरच्या या फ्लॅटमध्ये आणल्यापासून रोजचं हेच. आधी मुलगा ओळखू येईनासा झाला, मग स्वतःची खोली सापडेना. या येरझाऱ्या मात्र सुटल्या नव्हत्या.

तिनं ऐकलं होतं ते एवढंच. इंग्लंडातल्या एका गावात ते नगरसेवक होते. तिथल्या सभागृहात दोन पक्षांची बाकं समोरासमोर. एके दिवशी भर सभेत ते उठले आणि मधली वाट ओलांडून विरोधकांत जाऊन बसले. का, ते घरातही कुणाला सांगितलं नाही. पुढची निवडणूक हरले ती कायमचीच. शेजारच्या बाकावरचा दापोलीचा तहसीन, ज्याच्याबरोबर ते एका ताटात जेवायचे, त्यानं बोलणं टाकलं ते टाकलंच.

केल्याचा सल माणसाला असा फिरवतो, असं सुचित्राला वाटे. तिनं त्यांच्यासाठी सोमवार धरले होते. मागणं एकच, बाबांनी मित्राला एकदा ओळखावं. कारण तहसीनकाका दुबईला मुलाकडे आले होते आणि तिच्या आग्रहावरून आज इथे येणार होते.

ते आले. हेमचंद्रांना अगदी खेटून बसले, त्यांचा हात हातात घेतला.

“हेमू, का रे सोडून गेलास? तेवढं सांग. मग खलास, माझा काही राग नाही.”

हेमचंद्रांनी त्या हाताकडे पाहिलं, मग दाराकडे. अदबीनं म्हणाले, “माफ करा, इथे माझा मित्र बसतो. येईलच तो.”

तहसीनकाकांनी चष्मा काढून पुसला. चहाचा ट्रे धरून सुचित्रा तशीच उभी राहिली. कुणाची समजूत घालावी, तिला कळेना.

तेवढ्यात हेमचंद्र उठले. तिनं आर्जवानं बसायला सांगितलं, पण त्यांनी काठी उचललीच.

“जाऊ दे, पोरी,” तहसीनकाका कडवट हसले. “तेव्हाही असाच उठून गेला होता.”

गालिचा ओलांडून हेमचंद्र समोर टेकले. मान वर केली. बराच वेळ पाहत राहिले. कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या.

“तहसीन,” ते म्हणाले, “किती रे थकलास.”

तहसीनकाका धडपडत उठले. जन्मात कधी बाजू न बदललेल्या त्या माणसानं गालिच्यावर पाऊल टाकलं. हेमचंद्रांनी घाईनं हात वर केला.

“तिथेच बस. शेजारी आलास की दिसत नाहीस.”