कडू बदाम

"तूच मारलंस माझ्या पोराला," इज्जा नवऱ्याला म्हणाली.

हम्मूनं मान वर केली नाही. दवाखान्याच्या बाकावर तो वापरलेली सुई हातात धरून बसला होता. अनीरला मधमाशीचं विष सोसत नसे, म्हणून अ‍ॅड्रेनलिनची ही सुई कायम त्याच्या खिशात असायची. आज ती हम्मूनं गाडीत काचेपाशी ठेवली होती. भर उन्हात.

"मुलगी मागायला जाताना खिशात सुई नको, असं तूच म्हणालीस," तो पुटपुटला.

"गाडीत ठेव म्हणाले होते. तव्यावर ठेव म्हणाले नव्हते."

सकाळी सगळं किती चांगलं होतं! घोर एकच होता, चहाचा. होणाऱ्या जावयानं मुलीच्या वडीलधाऱ्यांसमोर चहा ओतायचा, चहादाणी हातभर उंच नेऊन, पेल्यात फेस आला पाहिजे. आणि चार माणसं समोर आली की अनीरची छाती धडधडायची, हात लटपटायचे. हे त्यानं आईकडून घेतलेलं. इज्जाला तर त्यासाठी दवाखान्याचे हेलपाटे पडत. मागच्या वेळी त्यानं मुलीच्या मामाच्या पांढऱ्या झग्यावर चहा सांडला आणि स्थळ तिथंच मोडलं. गावानं त्याचं नाव 'कारंजं' ठेवलं. तेव्हापासून पोरगं मान खाली घालून चालायचं, आणि ते इज्जाला बघवायचं नाही.

निघताना तिनं भरलेला एक खजूर त्याच्या तोंडात कोंबला.

"यम्मा, बदाम कडू निघाला!"

"गीळ मुकाट्यानं. नवरदेवानं तोंड वाकडं करू नये."

"सवय कर बाबा," हम्मू हसत म्हणाला. "लग्नानंतर याहून कडू गिळावं लागतं."

मुलीचे वडील हाज बिही यांच्या बैठकीत अनीरनं चहा असा ओतला की थेंब बाहेर पडला नाही. मुलीची आजी म्हणाली, "हात आहे का खांब!" होकार तिथंच मिळाला.

मग हाज बिहींनी घरच्या पोळ्यातला मध मेणासकट पुढे ठेवला. तो नाकारणं म्हणजे मुलगी नाकारणं. अनीरनं भाकरीचा तुकडा बुडवला आणि मेणात अडकलेली माशी त्याच्या बोटाला डसली.

हम्मूनं धावत जाऊन सुई आणली, मांडीत टोचली. काही उपयोग झाला नाही. हाज बिहींनी आपल्या गाडीत घालून त्याला दवाखान्यात आणलं. दारातच डॉक्टरबाईंनी विचारलं, "दुसरं कसलं औषध पोटात आहे का?"

इज्जानं एकदा हाज बिहींकडे पाहिलं. "छे हो! ठणठणीत आहे माझं पोर. या माशीशिवाय त्याला काही नाही."

दुपारी अनीर गेला.

आता त्याच डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि हम्मूजवळ बसल्या.

"बाबा, स्वतःला दोष देऊ नका. सुई उन्हात तापून औषध निकामी झालं असेल, बरोबर. पण इथलं चांगलं अ‍ॅड्रेनलिनही मी त्याला पुन्हा पुन्हा दिलं. त्यालाही त्याच्या काळजानं दाद दिली नाही."

"असं कसं होईल?"

"अ‍ॅड्रेनलिन काळजाचं दार ठोठावतं. काही गोळ्या त्या दाराला आतून कडी घालतात. छातीची धडधड थांबवायला देतात त्या. तसली गोळी पोटात आहे असं कळलं असतं, तर माझ्याकडे दुसरं औषध होतं. म्हणून तर मी आल्या आल्या विचारलं."

"त्यानं उभ्या जन्मात गोळी घेतली नाही," हम्मू म्हणाला. "सकाळपासून त्याच्या पोटात काय? आईच्या हातचा एक खजूर." त्याला हुंदका आवरेना. "माझंच चुकलं, इज्जा. माझ्या हातून गेला तो."

इज्जानं कमरेची थैली सोडली, आपल्या गोळ्यांची पट्टी काढली आणि त्याच्या हातातल्या सुईशेजारी ठेवली.

"तो बदाम कडू नव्हता, हम्मू. तो बदामच नव्हता."