अनसूयेची फेरपरीक्षा

"अनसूया काळूराम, नापास," व्हॅलेरियन मास्तरांनी वाचलं आणि मान वर करायचा त्यांना धीर झाला नाही.

वर्षाचा शेवटचा दिवस होता. मुलींनी शाळेची जमीन सारवून काढली होती आणि मुलगे कोळशाने पाट्या घासून वाळत घालत होते. चौथीची सगळी पोरं पास. मागे राहिली ती एकटी अनसूया, तीही सलग दुसऱ्यांदा. मास्तरांनी शेवटी पाहिलं, तर ती कोपऱ्यात शेणाचे हात धूत निवांत बसलेली. रडणं नाही, लाज नाही. मास्तरांचं डोकंच फिरलं. सकाळी हीच पोरगी पहिलीच्या पोरांना घडाघडा धडा वाचून दाखवत होती!

जूचंद्रला बदली होऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. रोज किनाऱ्याकडच्या आपल्या गावातून सायकल हाणत यायचे. मिठागरांच्या या गावात अभ्यासात मागे पडलेल्या पोरीच्या डोक्यावर मिठाची पाटी कधी चढते ते कळतही नाही, हे त्यांनी बघितलं होतं. त्यात अनसूयेला आई नाही. आता बापाने तिला शाळेतून काढलं, तर त्याला अडवायचं कुठल्या तोंडाने?

ते तडक मिठागरावर गेले. काळूराम घामाने निथळत मिठाची रास लावत होता.

"परत नापास?" तो मटकन बांधावर बसला. "म्हंजे पुना वरीसभर चौथीच?"

"भाऊ, तिला शाळेतून काढू नका," मास्तर काकुळतीला आले. "सुट्टीत मी शिकवतो. शाळा उघडायच्या आत फेरपरीक्षा घेतो. पास करून दाखवतो, माझी जबाबदारी."

काळूरामने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "नक्की पास व्हनार?"

"नक्की."

"मंग शिकवा. दुपारची सोडतो तिला. पन मास्तर, या वकताला पास झालीच पायजे."

मास्तरांना भरून आलं. पोरीच्या शिक्षणाची एवढी तळमळ असलेला बाप त्यांनी या गावात दुसरा पाहिला नव्हता.

मे महिनाभर शाळेच्या ओटीवर वर्ग भरला. सुरुवातीला पाच-सहा पोरं यायची, मग आंबे पिकले आणि एकेक गळालं. उरली अनसूया आणि तिच्या मागे मागे येणारी शेजारची चिमुरडी सुमन. घरी मास्तरांची बायको कॅथरिनबाई वैतागल्या.

"अख्ख्या तालुक्याला सुट्टी लागली, नि तुम्ही भर उन्हात कुठे निघालात?" त्या म्हणाल्या. "एका पोरीसाठी जीव द्याल एक दिवस!"

"एकच आहे म्हणून तर जातो," मास्तर म्हणाले आणि डोक्याला पंचा गुंडाळून निघाले.

पण पोरगी काही हाती लागेना. तोंडी विचारलं तर कविता पाठ, पाढे पाठ. परीक्षा म्हणून पाटीवर गणित घातलं, की हात थिजलाच. खाऱ्या पाण्याने चिरलेली बोटं पेन्सिल धरून नुसती बसायची. मास्तर ओरडले, मग समजावलं, शेवटी हात जोडले.

"कशाची भीती वाटते तुला? सांग तरी!"

अनसूयेने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "मास्तर, पाचवी कुठं हाय?"

"वसईला. पण आधी चौथी तर हो!"

"बाबा वसईला धाडील?"

"तू पास हो, मी बोलतो त्यांच्याशी."

दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा कोरी. त्या रविवारी मास्तर चर्चमध्ये गुडघे टेकून बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भागाकारासाठी प्रार्थना केली.

फेरपरीक्षेच्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर गणितं लिहिली, पण अनसूयेने उत्तरांचा कागद कोराच परत दिला. महिनाभराचं ऊन, बापाला दिलेला शब्द, सगळं मातीत. आणि तेवढ्यात त्यांना सुचलं.

"राहू दे," ते सहज म्हणाले. "परीक्षा संपली. मी घरी निघालो. जाण्याआधी सुमनला तेवढी फळ्यावरची गणितं समजावून दे."

सायकल लोटत ते नजरेआड झाले, आणि वळसा घालून मागच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. आत अनसूया खडू घेऊन फळ्यापुढे उभी होती. सुमनला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण अनसूया रंगात आली होती. बेरीज झाली, व्याज झालं, भागाकार झाला. एक आकडा चुकला नाही. मास्तर खिडकीबाहेर डोळे पुसत होते.

ते आत आले आणि तिच्या समोरच निकालावर त्यांनी ठसठशीत लिहिलं: पास.

अनसूयेने तो शब्द वाचला. हातातला खडू खाली पडला आणि ती भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडू लागली. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. एवढा आनंद पोरीला सोसवत नाही, त्यांना वाटलं.

काळूराम शाळेच्या अंगणातच भेटला. बातमी ऐकताच त्याने मास्तरांचे पाय धरले.

"सोडवलंत, मास्तर! उद्याच तिला मुंबैला धाडतो, मिठागराच्या शेटच्या घरी धुन्याभांड्याला. कवाचा मानूस मागतोय तो."

"धुण्याभांड्याला?" मास्तरांनी निकालाचा कागद त्याच्यापुढे धरला. "अहो, ती पास झालीय!"

"म्हनून तर! तिच्या आयेनं मरताना माज्याकडनं देवीची शपत घेतली, पोरगी चौथी पास व्हईस्तवर तिला शालेतनं काढायची नाय. इचारा अनशीला, तवा तीच उशाशी बसली व्हती."